चार कॅमेऱ्यांचा पाच वर्षांचा हिशेब: डीव्हीआर घ्यावा की महिन्याचा प्लॅन?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कराडजवळ रस्त्याला लागून किराणा-भुसाराचं दुकान, मागे गोदाम, वर राहतं घर. कॅमेरे चारच हवेत: गल्ल्यावर एक, दुकानात एक, गोदामात एक आणि शटरसमोर एक. गावातल्या फिटिंगवाल्याने चार कॅमेरे, चार चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), १ टीबी हार्डडिस्क आणि वायरिंग धरून २२,५०० रुपये सांगितले आहेत; पहिलं वर्ष वॉरंटी, पुढे वर्षाला २,५०० रुपये एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. तुमच्या मेहुण्यांचं म्हणणं, चार वायफाय कॅमेरे १०,००० रुपयांत येतात, वायर ओढायची कटकट नाही, रेकॉर्डिंग क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर राहतं आणि त्याचे कॅमेऱ्यामागे महिना १९९ रुपये. फायबरचं कनेक्शन दुकानात आधीच आहे. पाच वर्षांत स्वस्त काय पडेल, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी २००८ पासून सातारा-कोल्हापूर पट्ट्यात हे काम करतो आणि दोन्ही प्रकार बसवतो. आकडे खाली मांडतो. पण आकड्यांआधी एका गोष्टीचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, कारण ते दुकानागणिक बदलतं: मागचं रेकॉर्डिंग तुम्हाला किती दिवसांनी बघावं लागेल?

शटर फोडून चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतं. तिथे सात दिवसांचं रेकॉर्डिंग पुष्कळ झालं. गल्ल्यात पाचशे रुपये कमी आले, तर ते रात्री हिशेबाला बसल्यावर कळतं. पण गोदामातून तेलाचे डबे किंवा साखरेची पोती हळूहळू कमी होत असतील, तर ते महिनाअखेरीला स्टॉक मोजताना लक्षात येतं, आणि तेव्हा तुम्हाला पंचवीस-तीस दिवस मागे जावं लागतं. माझ्या अनुभवात किराणा दुकानदारांचं खरं नुकसान शटर फुटण्यापेक्षा गोदामातल्या या गळतीनेच जास्त होतं. म्हणून तुमच्यासाठी मी तीस दिवस धरतो.

आता तीस दिवस १ टीबीमध्ये बसतात का ते बघू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र दाबून साठवायच्या पद्धतीने, १ एमबीपीएस (सेकंदाला १ मेगाबिट) वेगाने सलग रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ४३ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क तेवीस दिवसांत भरते आणि चोविसाव्या दिवशी पहिल्या दिवसावर लिहायला सुरुवात करते. फिटिंगवाल्याने सेटिंग जुन्या एच.२६४ वर २ एमबीपीएसला ठेवून दिलं, तर तीच डिस्क जेमतेम साडेअकरा दिवस पुरते. कोटेशनवर ‘३० दिवस बॅकअप’ लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं असं धरून लिहिलेलं असतं. गोदामात तो हिशेब जुळतो, तिथे दिवसभरात तास-दोन तास माणसं असतात. रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यासमोर मात्र हालचाल थांबतच नाही. तुम्ही २ टीबी मागा. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच असू द्या, कारण कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेली नसते. आणि डिस्कचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी समोरच तपासा. बाजारात रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेल्या डिस्क नव्याच्या पाकिटात सर्रास फिरतात.

आता हिशेब. तुमचेच आकडे घेतो.

डीव्हीआरचे सुरुवातीला २२,५००. एएमसी दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे चार वर्षांचे १०,०००. सीसीटीव्हीच्या डिस्कला साधारण तीन वर्षांची वॉरंटी मिळते. पाच वर्षांत एकदा ती बदलावी लागेल असं धरून ५,००० बाजूला ठेवा. राहिलं वीजबिल, जे कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. डीव्हीआर, डिस्क, पॉवर सप्लाय आणि चार कॅमेरे मिळून सुमारे ३० वॅट घेतात. चोवीस तास चालू म्हटल्यावर वर्षाला २६३ युनिट. कमर्शियल मीटरवर सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडले (तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून नेमका दर काढा) तर वर्षाचे ३,१५६, पाच वर्षांचे १५,७८०. सगळं मिळून ५३,२८० रुपये.

वायफायचे सुरुवातीला १०,०००. प्लॅनचे चार कॅमेऱ्यांचे महिना ७९६, वर्षाचे ९,५५२, पाच वर्षांचे ४७,७६०. हे कॅमेरे बिघडले की दुरुस्त करण्यापेक्षा नवेच घेतले जातात. पाच वर्षांत चारांतले दोन जातील असं धरून ५,०००. वीज थोडी कमी, १८ वॅट धरले तर पाच वर्षांचे सुमारे ९,५००. एकूण ७२,०००च्या वर.

म्हणजे सुरुवातीला निम्म्याहून स्वस्त वाटणारा पर्याय पाच वर्षांत सुमारे १९,००० रुपयांनी महाग पडतो. महिन्याला १९९ हा आकडा डोळ्यांना लागत नाही, तीच त्याची खुबी आहे. म्हणून महिन्याचा कुठलाही आकडा ऐकला की मी त्याला आधी साठने गुणतो, मग कॅमेऱ्यांच्या संख्येने.

तिसरा पर्याय तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. वायफाय कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकून प्लॅन न घेताही रेकॉर्डिंग होतं. चार कार्डं साधारण ४,००० रुपयांची आणि सतत लिहून ती झिजतात म्हणून मध्ये एकदा बदलायची. हा पर्याय पाच वर्षांत ३२-३३ हजारांत बसतो, म्हणजे तिन्हींत सगळ्यात स्वस्त. घराच्या दारावर, गावाकडे आई-वडिलांच्या अंगणात मी हाच बसवतो. पण दुकानात मी तो एकट्यावर सोडत नाही, कारण कॅमेरा उपसून नेला की पुरावाही त्याच्यासोबत गेला.

इथे एक गैरसमज दूर करतो. डीव्हीआर घेतला तरी मोबाइलवर लाइव्ह बघण्यासाठी आणि मागचं रेकॉर्डिंग चाळण्यासाठी महिन्याचे पैसे लागत नाहीत. नावाजलेल्या कंपन्यांची त्यासाठीची ॲप मोफत असतात. त्या ॲपच्या वर्णनात ‘क्लाउड’ हा शब्द असतो खरा, पण तिथे क्लाउड फक्त तुमचा फोन आणि तुमचा डीव्हीआर यांची गाठ घालून देतं, रेकॉर्डिंग तुमच्याच डिस्कवर राहतं. पैसे लागतात ते रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर साठवायचं असेल तर. ‘ऑनलाइन चालू ठेवायचे वर्षाला हजार रुपये’ असं कुणी मागत असेल, तर कशाचे ते नीट विचारा.

किमतीपेक्षा मी एका गोष्टीला जास्त वजन देतो: पैसे भरायचे थांबवले त्या दिवशी हातात काय उरतं? हा प्रश्न फक्त आपल्या धंद्यातला नाही, डिस्कवर टिपणाऱ्या रेकॉर्डरइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९९९ साली टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर टिपणारी टिवो आणि रिप्ले टीव्ही ही यंत्रं बाजारात आली. रिप्लेने सेवेची किंमत यंत्रातच धरली, म्हणून यंत्र महाग. टिवोचं यंत्र स्वस्त, पण कार्यक्रमांच्या वेळापत्रकाच्या सेवेला महिना ९.९५ डॉलर, नाहीतर एकदाच १९९ डॉलर भरून ‘लाइफटाइम’. भागाकार केला तर वीस महिन्यांत लाइफटाइम वसूल. फक्त ते लाइफटाइम त्या पेटीचं होतं, घेणाऱ्या माणसाचं नव्हे. पेटी बंद पडली की संपलं. आणि सेवा घेतलीच नाही तर पेटी फारशी उपयोगाची नव्हती. तुमचे दोन पर्याय याच चाचणीवर घासून बघा. एएमसी बंद केला तरी डीव्हीआर रेकॉर्ड करतच राहतो. प्लॅन बंद केला तर कार्ड नसलेला वायफाय कॅमेरा फक्त लाइव्ह दाखवतो, मागचं काही नाही. कुणी ‘लाइफटाइम क्लाउड’ विकायला आलं तर ते कुणाच्या आयुष्याएवढं, हे लेखी मागा.

प्लॅन घेण्याआधी त्यात नेमकं काय मिळतं तेही वाचा. घरगुती कॅमेऱ्यांचे बहुतेक प्लॅन सलग रेकॉर्डिंग साठवत नाहीत. हालचाल झाली की तेवढी क्लिप वर चढते, आणि ती ठरावीक दिवस, बऱ्याचदा सात किंवा तीस, राहते. कॅमेऱ्याला हालचाल ओळखता आली नाही, किंवा त्या क्षणी नेट गेलं, तर तिथे क्लिपच नसते. गोदामातल्या गळतीसाठी मला सलग रेकॉर्डिंग हवं असतं, कारण पोतं कुणी उचललं याइतकंच दार कोण उघडं ठेवून गेलं, हेही बघायचं असतं.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, मग डीव्हीआरच घेतो. थांबा. डीव्हीआरचा एक मोठा दोष आहे आणि मी तो बसवतानाच सांगतो. सगळं रेकॉर्डिंग एका पेटीत असतं, आणि ती पेटी दुकानात गल्ल्याच्या खाली किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेली असते. आता चोरांनाही हे ठाऊक झालंय. चोरी करून जाताना ते डीव्हीआर उचलून नेतात, आणि मालकाकडे चार उत्तम कॅमेरे आणि लोंबणाऱ्या वायरी उरतात. तुमच्या बाबतीत उपाय सोपा आहे: वर घर आहे. डीव्हीआर दुकानात ठेवूच नका. केबल वर न्या आणि पेटी घरात कपाटात, हवा खेळेल अशी ठेवा. थ्री प्लस वन केबल (चित्र आणि वीज एकत्र नेणारी) दहा-पंधरा मीटर जास्त लागेल, तेवढा खर्च करा.

दुसरा दोष मला फार महाग पडून कळला. एका कापड दुकानाचं काम मी केलं होतं. चोरी झाली, मालकांचा फोन आला, मी धावत गेलो. टीव्हीवर चारही कॅमेऱ्यांचं चित्र स्वच्छ. प्लेबॅक उघडला तर शेवटची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. डिस्क कधीच गेली होती. डिस्क बिघडली की डीव्हीआर बीप वाजवतो. तो आवाज त्रासदायक म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन बंद केला होता, आणि लाइव्ह चित्राला डिस्क लागत नसल्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. त्यांचा एएमसी माझ्याकडेच होता. मी तीन महिन्यांनी जात होतो, लेन्स पुसत होतो, कनेक्टर तपासत होतो, पण प्लेबॅक उघडून बघत नव्हतो. ते माझं चुकलं आणि मी त्यांना तसं सांगितलं. तेव्हापासून भेटीला गेलो की आधी सर्वात जुनी आणि सर्वात नवी तारीख बघतो, दोन्ही वहीत लिहितो आणि मालकाची सही घेतो.

म्हणूनच तुमच्या २,५०० रुपयांच्या एएमसीबद्दल माझं मत असं, की कागदावर या तपासणीचा उल्लेख नसेल तर तो घेऊ नका. चार कॅमेऱ्यांच्या साध्या फिटिंगला पाच वर्षांत पाच-सहा भेटी लागतात: केबलच्या टोकाचा बीएनसी कनेक्टर गंजतो, विजेची डीसी पिन सैल होते, कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस जातो. भेटीला ५०० म्हटले तरी ३,००० होतात, सामानाचे वेगळे. एएमसीचे १०,००० तेव्हाच परवडतात, जेव्हा त्यात सामान धरलेलं असतं, किंवा कॅमेरे सोळा-वीस असतात. तारीख बघायचं काम तुम्ही स्वतः करा. महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर प्लेबॅक उघडायचा आणि वीस दिवसांपूर्वीचा कुठलाही प्रसंग लावून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

एएमसीत आणि वॉरंटीत जे सहसा बसत नाही, ते म्हणजे जळणं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. बाहेर ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका आत येतो आणि डीव्हीआरचा एखादा चॅनल, कधी अख्खा बोर्ड जातो. दुकानाचं अर्थिंग तपासून घ्या. डीव्हीआर आणि फायबरचा राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. मीटर बाहेर भिंतीवर असेल तर मेन स्विच पाडणं हे चोराचं पहिलं काम असतं, आणि वीज गेली की क्लाउडवालाही आंधळा होतो.

आता माझा सल्ला. फिटिंगवाल्याकडून डीव्हीआरच घ्या, डिस्क २ टीबीची करून, पेटी वरच्या घरात, एएमसीशिवाय. मेहुण्यांचं म्हणणंही पूर्ण टाकू नका: एकच वायफाय कॅमेरा गल्ल्यावर, शटर आतून दिसेल असा लावा आणि तेवढ्या एकट्याचाच प्लॅन घ्या. पेटी सापडली, फोडली, जळली, तरी चोराच्या चेहऱ्याची क्लिप दुकानाबाहेर पोहोचलेली असेल. कॅमेरा साधारण २,५०० आणि पाच वर्षांच्या प्लॅनचे ११,९४०. सगळं मिळून साठ-बासष्ट हजारांत बसतं. चारही कॅमेरे क्लाउडवर ठेवण्यापेक्षा दहा-बारा हजारांनी कमी, आणि गोदामाचं तीस दिवसांचं सलग रेकॉर्डिंग तुमच्या ताब्यात. दुकान भाड्याचं असतं, दोन-तीन वर्षांत जागा बदलायची असती, तर मी उलट सांगितलं असतं. ओढलेल्या केबलची मजुरी भिंतीतच राहते, वायफाय कॅमेरा मात्र पिशवीत घालून नेता येतो.

प्लॅनचे पैसे वर्षाचे एकदम भरा आणि खातं तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर काढा. एका गिऱ्हाइकाचं खातं पुतण्याच्या ईमेलवर होतं. पुतण्या नोकरीला परगावी गेला, बँकेच्या कार्डाची मुदत संपली, पैसे कापले गेले नाहीत, सूचना त्याच्या ईमेलवर पडून राहिल्या आणि क्लिप पुसल्या गेल्या. डीव्हीआरचंही तेच. ॲडमिन पासवर्ड फिटिंगवाल्याच्या डोक्यात आणि ॲपचं खातं त्याच्या नंबरवर, अशी फिटिंग मी दर महिन्याला एखादी तरी बघतो. माणसाशी बिनसलं की आधी पेटी रीसेट करत बसावं लागतं.

खरेदी पक्क्या जीएसटी बिलावरच करा, मॉडेल नंबर लिहिलेलं. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. त्यानंतर जुना, चाचणी न झालेला माल बिलाशिवाय स्वस्तात खपवणारेही दिसतात. त्या कॅमेऱ्याला पुढे ॲपचं अपडेट मिळालं नाही तर दाद कुणाकडे मागणार?

उद्या रेकॉर्डिंग खरंच लागलं तर काय, हेही सांगतो. चोरी लक्षात आली की पहिल्याच दिवशी तेवढा भाग पेन ड्राइव्हवर काढून घ्या, नाहीतर डिस्क फिरून त्यावरच लिहील. डीव्हीआरच्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती मिनिटांचा फरक आहे, तो त्याच क्षणी मोबाइलने फोटो काढून नोंदवा. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि मग वकील त्यावरच बोट ठेवतात. कोर्टात कॉपी द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यात यंत्राचा तपशील आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा कोड) भरायची असते. आधीच्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. त्या प्रमाणपत्राशिवाय कॉपी पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं ते जालन्याच्या निवडणूक खटल्यात, आणि तिथेही वाद उमेदवारी अर्जाच्या वेळेच्या व्हिडिओ चित्रीकरणाचाच होता. कधी पोलिस पंचनामा करून डीव्हीआरच ताब्यात घेतात. तेव्हा नवा येईपर्यंत गल्ल्यावरचा तो एक वायफाय कॅमेराच तुमच्याकडे असेल.

काम पूर्ण झालं की बिलातले दोन-अडीच हजार हातात ठेवा आणि फिटिंगवाल्याला आठ दिवसांनी बोलवा. त्याच्याकडून पहिल्या दिवशीचं गोदामाचं रेकॉर्डिंग लावून घ्या, रात्रीचं, दिवे बंद असतानाचं. पोत्याच्या थप्पीजवळचा माणूस ओळखू आला तर राहिलेले पैसे द्या. ओळखू आला नाही तर कॅमेऱ्याची जागा बदलायला लावा, आणि पुन्हा एकदा रात्रीचं बघून मगच हिशेब मिटवा.